मन कुणाचं, बदलतं कुठे? समुपदेशनाबद्दल दापोली-हर्णैत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आठवड्यातले तीन दिवस दापोलीत आणि एक दिवस हर्णैला समुपदेशनासाठी बसते. गेल्या काही वर्षांत तेच ते प्रश्न दारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत आणि फोनवर इतक्यांदा आले, की शेवटी लिहून काढले. काही प्रश्न येणाऱ्यांचे आहेत, काही त्यांना घेऊन येणाऱ्यांचे, दोन-तीन मास्तरांचे. खाली आलेली माणसं ओळखायला कुणी जाऊ नये. वयं, गावं, नाती मी बदलली आहेत आणि कुठे कुठे दोघा-तिघांचं मिळून एक माणूस केलं आहे.

तुमच्या बोर्डावर ‘सांस्कृतिक-ऐतिहासिक दृष्टिकोन’ असं लिहिलंय. हे नक्की काय?

बोर्ड वाचून एकदा एक गृहस्थ सुवर्णदुर्गाची माहिती विचारायला आले होते, तेव्हा हा प्रश्न रास्तच आहे.

टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) अभ्यास केलेल्यांना वायगॉट्स्की हे नाव पाठ असतं. एक मार्काचा प्रश्न असतो, बहुधा ‘समीपस्थ विकासाचे क्षेत्र’ यावर. त्या मार्कापलीकडचा लेव्ह वायगॉट्स्की असा : १८९६ साली आजच्या बेलारूसमधल्या ओर्शा गावी जन्म, गोमेलमध्ये लहानपण, आणि १९३४ मध्ये क्षयाने मृत्यू. वय अवघं ३७. तेवढ्यात त्याने आणि त्याच्या अलेक्झांडर लुरिया, अलेक्सेई लिओन्त्येव यांसारख्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट लावून धरली. ठरवून आठवणं, लक्ष धरून ठेवणं, स्वतःला आवरणं ही कामं माणूस एकट्याने आतून उगवून आणत नाही. ती आधी दोन माणसांत घडतात, मग एकाच्या आत जातात.

तान्हं मूल वस्तूकडे हात लांब करतं. हात पोचत नाही. आई ती वस्तू उचलून देते. मुलाने नुसता पकडायला हात केला होता. ‘मला ते दाखवायचंय’ हा अर्थ त्या हाताला आईने दिला. काही दिवसांनी मूलच तो हात दाखवण्यासाठी वापरू लागतं. रुमालाला मारलेली गाठ हेही त्याचंच आवडतं उदाहरण. गाठीत आठवण नसते, पण गाठ मारणारा माणूस आपल्याच आठवणीला बाहेरून धरायला शिकतो.

‘ऐतिहासिक’ म्हणजे शिवकाल नव्हे. ज्या साधनांनी आपण विचार करतो (शब्द, पंचांग, मनीऑर्डर, जमाखर्चाची वही, मोबाइल) त्यांना इतिहास आहे, एवढंच. स्वतःशी बोलणं हेही असंच एक साधन. ‘तुला जमायचं नाही’ असं मनातल्या मनात म्हणणाऱ्याला विचारून बघा, आवाज कुणाचा आहे. पुष्कळदा नाव सांगता येतं.

वायगॉट्स्कीने स्वतः मानसोपचाराची पद्धत काढली नाही. ते काम नंतरच्यांनी केलं : मॉस्कोत फ्योदर वासिल्यूक, लंडनमध्ये अँथनी राइल, क्यूबात आणि पुढे ब्राझीलमध्ये फर्नांदो गोन्सालेस रेय, ऑस्ट्रेलियात मायकल व्हाइट. चौघांचे मार्ग वेगळे. व्हाइट तर बराच दुसऱ्या वाटेने आला आणि उत्तरार्धात वायगॉट्स्कीकडे वळला.

म्हणजे माणूस परिस्थितीच्या हातचं बाहुलं? मग बदलायचं तरी कुणी?

हा प्रश्न मास्तरांचा. आणि उत्तरही वायगॉट्स्कीच्याच एका व्याख्यानात आहे. दारू पिणाऱ्या, मनाचं संतुलन बिघडलेल्या एका आईची तीन मुलं त्याने पाहिली होती. घर एक, आई एक, मार एकच. सगळ्यात लहान मूल भीतीने पार कोलमडलं होतं. मधल्याला आई हवीही होती आणि तिची धास्तीही होती. या ओढाताणीत ते फाटत होतं. थोरलं मात्र वयापेक्षा मोठं झालं होतं. आई आजारी आहे हे त्याला कळलं होतं, आणि धाकट्यांना सांभाळणं त्याने अंगावर घेतलं होतं.

परिस्थिती माणसावर थेट उमटत नाही, ती त्या माणसातून जाते, आणि जाताना वेगळी होते, असा त्याचा मुद्दा. यासाठी तो ‘पेरेझिवानिये’ हा रशियन शब्द वापरायचा. मराठीत ‘अनुभव’ म्हटलं तर पातळ होतं, ‘भोग’ म्हटलं तर नशीब मध्ये येतं. वासिल्यूकने हा शब्द जसा उचलला, म्हणजे सोसता सोसता अर्थ पुन्हा उभा करण्याचं आतलं काम, तसा आपल्याकडे ‘पचवणं’ आहे. दुःख पचवलं म्हणतो ना आपण? पचवायला वेळ लागतो, मेहनत लागते, आणि न पचलेलं वर येतं.

‘व्यक्तिनिष्ठता’ म्हणजे पक्षपातीपणा ना? मग तिचं उपचारात काय काम?

वर्तमानपत्रात तसाच अर्थ असतो : वस्तुनिष्ठाच्या उलट ते व्यक्तिनिष्ठ, म्हणजे जरा कमअस्सल. गोन्सालेस रेय (१९४९–२०१९) यांनी आयुष्यभर या शब्दाची बाजू घेतली. त्यांच्या मते व्यक्तिनिष्ठता ही आत कुलूप लावून ठेवलेली चीज नाही. एखाद्या घटनेला माणसाच्या आयुष्यातल्या लांबलांबच्या गोष्टी येऊन चिकटतात, भावना आणि प्रतीकं एकमेकांत गुंततात, आणि त्यातून जे तयार होतं त्याला ते ‘व्यक्तिनिष्ठ अर्थ’ म्हणतात. तो अर्थ घटनेत शोधून सापडत नाही. हे पुस्तकी वाटेल, म्हणून एक हकिगत सांगते.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरकडून आत शिरलं, तसं मंडणगड-दापोलीलाही झोडपून गेलं. किनाऱ्यालगतच्या एका गावातले साठी ओलांडलेले बागायतदार त्यानंतर दीड वर्षाने माझ्याकडे आले. त्यांना आणलं सुनेने. घरामागची नारळी-पोफळीची वाडी आडवी झाली होती, पोफळीवरचे मिरीचे वेल त्यांच्यासकट गेले होते. पंचनामा झाला, पैसे आले. पण वादळाच्या दिवसापासून बाबा वाडीत गेले नव्हते. मागचं दार बंदच. झोप नाही, जेवण नाही, डॉक्टरांच्या गोळीने रात्र कशीबशी निघायची.

घरचे म्हणत, नुकसानीचा धक्का बसलाय. मलाही तसंच वाटलं. नव्या पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, माड त्याहून जास्त घेतो. साठीनंतर कुणाला पुन्हा खड्डे खणावेसे वाटतील? पहिल्या तीन बैठका मी हेच धरून बसले. ते मान हलवायचे आणि म्हणायचे, ‘तसं काय नाय ताई, झाडं काय, जातातच.’

चौथ्या वेळी सून सहज बोलून गेली, की गणपतीला मुंबईचे मोठे काका आले होते तेव्हापासून जास्तच बिघडलं. काय म्हणाले काका? वाईट काहीच नाही. पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘जाऊ दे रे, सुटलास एकदाचा. आता तरी ये विरारला.’

बाबांनी त्या क्षणी खिडकीकडे तोंड केलं, आणि मग कितीतरी वेळ खोलीत कुणीच बोललं नाही.

थोरला भाऊ गिरणीत गेला होता. कोकणातल्या किती घरांची ही गोष्ट आहे : एक जण गिरणीत, एक जण घरी म्हाताऱ्यांपाशी, आणि मनीऑर्डर आली की पोस्टमनला चहा. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, भाऊ वर्षभर गावी येऊन राहिला, मग पुन्हा मुंबईत जाऊन मिळेल ते करत उभा राहिला. घरात नाव त्याचंच होतं. तो गेला, झगडला, संपात टिकला. जो राहिला, त्याच्या राहण्याला घरात नावच नव्हतं. ती वाडी हे त्या राहण्याचं उत्तर होतं. दर गणपतीला चाकरमानी आले की बाबा सगळ्यांना मागच्या दाराने वाडीत न्यायचे. ‘हा माड त्या साली लावला, ही रांग नंतरची.’ वादळाने उत्पन्न नेलं ते पंचनाम्यात लिहिलं गेलं. ‘मी इथे का राहिलो’ याची साक्षही त्याच दिवशी आडवी झाली, तिचा पंचनामा कोण करणार? आणि वर सख्खा भाऊ मायेने म्हणतो, सुटलास.

शेजारच्या घरात तेवढीच झाडं पडली होती. तिथले गृहस्थ पंधरा दिवसांत करवत घेऊन वाडीत होते. वादळ एकच होतं.

बरं, कारण कळलं. पुढे काय केलंत? नुसतं कळून माणूस सुधारतो का?

नाही सुधारत. मी त्यांना हे सगळं नीट जुळवून सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर पुन्हा मान हलवली असती.

जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून टेबलावर ठेवलं आणि मला वाडी काढून दाखवा म्हटलं. ते पेन घेईनात. मग सुनेने काढायला घेतली. तिने पाटाचं पाणी विहिरीच्या चुकीच्या बाजूने आणलं, आणि बाबांना राहवेना. ‘अगो तिथनं नाय, इकडनं.’ पेन त्यांच्या हातात गेलं. पुढच्या बैठकीपर्यंत त्या कागदावर प्रत्येक झाडापाशी रोप कुणी आणलं, कुणी लावलं हे लिहिलेलं होतं. चार पोफळी आईच्या. एक रांग सासऱ्यांनी दिलेल्या रोपांची. आणि विहिरीजवळ एक माड, त्यापुढे थोरल्या भावाचं नाव. मुंबईला निघायच्या आधी त्याने लावलेला.

तो उभा आहे का, असं मी विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. गेलेच नव्हते ना.

दोन दिवसांनी सुनेचा फोन आला, बाबा सकाळी मागचं दार उघडून वाडीत गेले. माड पडलेला होता. घरात येऊन त्यांनी भावाला फोन लावला आणि आधी फक्त एवढंच सांगितलं, ‘तुझा माडपण गेला रे.’ मग दोघं तासभर बोलले. काय बोलले ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

त्या कागदाचं काम रुमालाच्या गाठीसारखंच होतं. जे आत धरता येत नव्हतं ते दोघांच्या मध्ये, टेबलावर आलं. सुनेची चूक झाली नसती तर कदाचित आलंही नसतं, हे कबूल करायला हवं. समीपस्थ क्षेत्र म्हणतात ते हेच : एकट्याला अजून न जमणारं, पण दुसरं कुणी शेजारी असलं की जमणारं. फक्त टीईटीच्या पुस्तकात तिथे नेहमी गणित शिकणारं मूल असतं.

बाबा ‘बरे’ झाले का? झोप सुधारली. वाडी अर्धी रिकामीच आहे. गोन्सालेस रेय बदल मोजताना लक्षणांच्या जोडीला एक गोष्ट बघायचे : माणूस आपल्या आयुष्यात ‘कर्ता’ म्हणून पुन्हा उभा राहिला का. त्या हिशोबाने मी होय म्हणेन.

विवेकनिष्ठ उपचारपद्धतीपेक्षा हे वेगळं कसं? मराठीत तीच जास्त ऐकली आहे.

अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली ती पद्धत महाराष्ट्रात चांगली रुजली, आणि तिचा उपयोग मी रोज करते. ‘असंच व्हायला हवं’ हा हट्ट सोडवायला तिच्याइतकं धारदार हत्यार दुसरं नाही. फरक विचाराकडे बघण्यात आहे. तिथे विचार तर्काला धरून आहे का हे तपासतात. इथे तो विचार कुठून आला, कुणाच्या तोंडून, आणि आता घरात काय काम करतोय, हे आधी बघतात.

सुरुवातीच्या काळात हर्णैच्या एका मासळी विकणाऱ्या बाईंना मी घटना-विचार-भावना असा रकाने आखलेला तक्ता दिला होता. पुढच्या आठवड्यात त्यांनी भरून आणला. तिन्ही रकान्यांत उधारी होती : नाव, रक्कम, कधी देणार. मला आधी हसू आलं. मग त्या एकेका नावापाशी थांबून बोलू लागल्या. कुणाला नाही म्हणता येत नाही, कोणाची आई त्यांना बाळंतपणात कामाला आली होती. त्या महिन्यात माझ्या हाती आलेला सगळ्यात उपयोगी कागद तो होता. तेव्हापासून तक्ता देण्याआधी मी विचारते, तुमच्या घरात काय लिहून ठेवतात?

मराठीत बोलण्याने काही फरक पडतो का? इंग्रजीतली पुस्तकं भाषांतर करूनच वापरता ना?

पडतो, आणि हा माझा लाडका विषय आहे.

मायकल व्हाइट यांनी एक युक्ती रूढ केली : त्रास माणसापासून वेगळा करून बोलायचं. ‘मी भित्रा आहे’च्या जागी ‘भीती तुमच्याकडे कधी येते?’ इंग्रजी बोलणाऱ्याला त्यासाठी वाक्य वाकवावं लागतं. आपल्याला कुठे लागतं? मला भीती वाटते. राग येतो. रडू फुटतं. कंटाळा येतो. मराठीत भावना पाहुण्यासारख्या येतात-जातात, आणि ‘मी’ चतुर्थीत बाजूला बसलेला असतो. तेव्हा इथे ती युक्ती फुकट मिळते. पण उलटी अडचणही होते. ‘राग आला आणि हात उठला’ हे वाक्य बघा. हात आपला आपण उठला, उचलणारा कुणीच नाही. बायकोवर हात टाकणाऱ्या माणसाशी बोलताना माझं निम्मं काम व्याकरणाचं असतं. राग आला, ठीक. मग तुम्ही काय केलंत? ‘मी’ला प्रथमेत आणायचं.

तुम्ही ती प्रश्नावली भरून घेत नाही का? मुंबईच्या डॉक्टरांनी घेतली होती.

घेते. नऊ प्रश्नांची ती प्रश्नावली नैराश्याचा अंदाज घ्यायला चांगली आहे, विशेषतः जिवाला धोका आहे का हे विचारणारा नववा प्रश्न मी कधीच वगळत नाही. ‘गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस निराश वाटलं?’ असं विचारल्यावर एक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, म्हणाले, ‘उधाणाच्या दिवसांत की भांगाच्या?’ उधाण म्हणजे मोठी भरती, भांग म्हणजे लहान, आणि दोन आठवड्यांत दोन्ही येऊन जातात. नऊ प्रश्नांत त्याला जागा नव्हती, मी समासात लिहून घेतलं.

आमच्या मुलीला बाधा झालीय असं घरचे म्हणतात. तुम्ही ऐकून हसाल का?

नाही. ‘बाधा’ हा शब्द कुणी वापरला, मुलीने की सासूने, हे मात्र पहिल्यांदा विचारीन. एखादीला दुसऱ्या कुठल्याच शब्दाने ‘मला इथे राहायचं नाही’ म्हणायची मुभा नसते, तेव्हा तो शब्द तिच्या कामी येतो.

देवळात कौल लावलात, गाऱ्हाणं घातलंत, माझी हरकत नाही. गाऱ्हाण्यात एक जण आपलं दुःख मोठ्याने मांडतो आणि बाकीचे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. स्वतःचं दुखणं दुसऱ्याच्या आवाजात, चारचौघांत ऐकणं ही लहान गोष्ट नाही. पण मारहाण, कोंडून ठेवणं, धुरी, उपाशी ठेवणं यातलं काही होत असेल तर मी गप्प बसणार नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली छळ करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

यावरून कुणी ‘म्हणजे आपली परंपराच औषध’ असं म्हणतं. नाही हो. ‘बाईने सोसायचं असतं’ हेही आपल्या संस्कृतीनेच दिलेलं साधन आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या जणी त्याच्याच ओझ्याखाली असतात. उलट बाजूही सांगायला हवी. या विचाराचे जनक स्वतः इथे घसरले होते. १९३१-३२ मध्ये लुरिया उझबेकिस्तानात गेले आणि निरक्षर शेतकऱ्यांना कोडी घालू लागले : दूर उत्तरेत, जिथे बर्फ असतं, तिथली सगळी अस्वलं पांढरी, नोवाया झेमल्या दूर उत्तरेत आहे, तिथलं अस्वल कोणत्या रंगाचं? उत्तर आलं, मी काळं अस्वल पाहिलंय, न पाहिलेल्याबद्दल काय सांगू? याला त्यांनी खालच्या पायरीचा विचार मानलं, म्हणून त्यांच्यावर पुढे टीका झाली, आणि ती योग्यच होती. आमच्याकडची आजी कोर्टात साक्षीला उभी राहिली तर नेमकं असंच बोलेल, आणि वकील तिचं कौतुक करेल.

तुम्ही पत्र देता म्हणे. कसलं?

ही अँथनी राइल यांची पद्धत. पहिल्या काही बैठकांनंतर उपचारकाने येणाऱ्याला एक पत्र लिहायचं : तुम्ही जे सांगितलंत त्यातून मला काय दिसलं, कोणता फेरा पुन्हा पुन्हा होतो. शेवटच्या बैठकीत दोघांनी एकमेकांना निरोपाचं पत्र द्यायचं. पत्राचा मसुदा मी नेहमी वाचून दाखवते, आणि चुकलं असेल तिथे खोडायला पेन पुढे करते.

एका आजींना वाचता येत नव्हतं. ‘तुम्हीच वाचा, पण नातीला बाहेर पाठवा,’ म्हणाल्या. पूर्वी त्यांच्या नवऱ्याचं पत्र मुंबईहून आलं की ते शेजारचे गुरुजी ओटीवर वाचायचे, सगळ्या वाडीसमोर. तेव्हा नवऱ्यानेही त्यात सगळ्यांनी ऐकावं असंच लिहिलं. फक्त त्यांच्यासाठी लिहिलेलं पत्र त्यांना सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा मिळालं. दोनदा वाचून घेतलं, घडी केली आणि पासबुकाच्या पिशवीत ठेवलं.

याला पुरावा आहे का? आणि किती वेळा यावं लागतं?

राइल यांच्या पद्धतीच्या चाचण्या झाल्या आहेत, साधारण सोळा बैठकांच्या. तरी सीबीटीच्या (विचार आणि वागणं यांवर काम करणाऱ्या उपचाराच्या) मागे जेवढा पुरावा आहे तेवढा तिच्यामागे नाही. गोन्सालेस रेय यांचं काम बहुतेक एकेका माणसाच्या सखोल अभ्यासाचं. त्यातून आकडे निघत नाहीत. तुम्हाला पॅनिकचे झटके येत असतील तर मी आधी सीबीटीच सुचवीन.

गोळ्या बंद करू का?

नाही. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही. भास, कोणी मारायला टपलंय असा ठाम समज, दिवसेंदिवस जागरण, मरणाची भाषा असं असेल तर माझ्या खोलीत वेळ घालवू नका. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. रात्री-अपरात्री टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

मी येते हे गावात कळेल का?

खोलीत बोललेलं बाहेर जाणार नाही, ती जबाबदारी माझी. पण चपलांचं मी काय करणार होते? दाराबाहेरच्या चपला बघून कोण आलंय हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. दोघी-तिघींनी तक्रार केल्यावर मी आत, दाराच्या मागे एक फळी ठोकून घेतली आहे. चपला हातात घेऊन आत या.